मेसाच्या काठीचं घर: काय ठरवलं, कुठं चुकलं, किती पैसे गेले

हे प्रकरण कोल्हापूरच्या पश्चिमेला, कुंभी नदीच्या खोऱ्यातल्या एका गावातलं. घरच्यांना विचारूनच लिहितोय, नाव-गाव देणार नाही, त्यांना इथं आक्का आणि दाजी म्हणतो कारण मी त्यांना तसंच म्हणतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून पंधरा वर्षं जोती, गोठे, छोटी घरं असली कामं करतोय, पण मेसाचं, म्हणजे आमच्याकडच्या बांबूचं, राहतं घर हे पहिलंच. बांबू म्हणजे स्वस्त घर असं कुठंतरी ऐकून लोक मला फोन करतात आणि पहिला प्रश्न एकच, स्क्वेअर फुटाला किती. त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसलो.

पार्श्वभूमी

दाजींची दीड एकर जमीन, त्यात ऊस, दोन म्हशी, आणि हंगामात दाजी गुऱ्हाळावर कामाला जातात. घरात आक्का, दाजी, दाजींची आई म्हणजे आजी, तेव्हा दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा. जुनं घर कच्च्या विटांचं, मातीतच बांधलेलं, वर कौलं. २०२१ च्या जुलैत जो पाऊस झाला, ज्यानं पंचगंगेला महापूर आला, त्या पावसात यांच्या घरात पुराचं पाणी आलंच नाही, घर उंचवट्यावर आहे. पण पश्चिमेची भिंत झडीनं भिजून भिजून फुगली आणि रात्री अडीचच्या सुमाराला बाहेरच्या अंगाला बसली. आत पडली असती तर आजी त्याच भिंतीला लागून झोपल्या होत्या.

तेव्हापासून ही पाच माणसं थोरल्या दिरांच्या सोप्यात, मधे साडीचा पडदा लावून. भांडण कुणी केलं नाही, पण मुलगी दहावीचा अभ्यास रात्री सगळे झोपल्यावर चुलीपाशी बसून करायची हे आक्कांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि घर पाहिजे म्हणजे नक्की काय पाहिजे ते मला तिथंच कळलं.

अडचण

हातात पैसे किती, तर उसाचं बिल, दुधाच्या बिलातनं मागं टाकलेले आणि आक्कांच्या बचत गटाचं कर्ज धरून साडेतीन लाख, त्याच्या वर एक रुपया नको असं दोघांनी ठरवलेलं. गावातल्या गवंड्यानं ३६० स्क्वेअर फुटाच्या वीट-स्लॅबच्या घराचा आकडा दिला ६ लाख १० हजार. एका बँकेत घरकर्जाला गेले तर कागदांची यादी बघूनच परत आले.

दुसरी अडचण जागेची. घरापर्यंत जायची पाणंद जेमतेम सहा फूट, ट्रॉली आत येत नाही, वीट असो की वाळू, शेवटचे दीडशे फूट डोक्यावरनं. शिवाय जागेचा मागचा निम्मा भाग भरावाचा. आणि तिसरी अडचण पाऊस. गगनबावड्याला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पडतो, या गावात त्याच्यापेक्षा कमी, पण जून ते सप्टेंबर पश्चिमेकडनं जी झड येते ती आडवी येते, भिंतीला लागते, छपराला नाही. त्या तीनपैकी ही तिसरी गोष्ट मी सगळ्यात हलकी धरली, त्याचं पुढं सांगतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरकुलाची वाट बघायचा. नाव प्रपत्र ड मधे, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत होतं. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमधे तेव्हा सपाट भागाला १ लाख २० हजार, वर रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार, एवढ्यात किमान २६९ स्क्वेअर फुटाचं घर. मदत मोठी आहे, पण नंबर कधी लागणार हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आपण आधीच पक्कं घर उभं केलं तर यादीतनं नाव जाईल ही भीती. या एका भीतीपायी त्यांचे आठ महिने गेले.

दुसरा पर्याय कर्ज काढून स्लॅब. दाजींचा ओढा तिकडंच होता. ते उघड म्हणाले, "उद्या पोरीला बघायला पाव्हणं आली तर काठ्यांच्या घरात बसवायची व्हय?" त्यावर आक्का म्हणाल्या, "पाव्हणं एक दिस येणार, आपुन बारा म्हैनं ऱ्हाणार." हे बोलणं दोन-तीन महिने चाललं आणि मी त्यात पडलो नाही, कारण घराची अब्रू हा विषय बाहेरच्या माणसानं मिटवायचा नसतो.

तिसरा पर्याय जांभ्याचा चिरा आणि वर पत्रा. माझा स्वतःचा पहिला सल्ला हाच होता. हिशोब आला पावणेपाच लाखाच्या आसपास. पण चिऱ्याच्या भिंती म्हणजे वजन, भरावाच्या जागेत पाया खोल न्यावा लागणार आणि प्रत्येक चिरा पाणंदीतनं डोक्यावर.

चौथा पर्याय आजींनी काढला. त्यांच्या बांधावर मेसाची अकरा बेटं. आमच्याकडं ज्याला मेस म्हणतात तो घाटाखाली सिंधुदुर्गात माणगा, बिनकाट्याचा, जवळपास भरीव, दीड-दोन इंच जाडीचा. आजींचं माहेर घाटाजवळचं, त्यांचं लहानपण कुडाच्या, म्हणजे कांबट्या विणून वर माती लिंपलेल्या भिंतींच्या घरात गेलेलं. त्या म्हणाल्या, "आरं, बांबूच्या डोस्क्यावर इरलं आन् पायात पायताण दिलंस की त्यो मरत न्हाई." मी त्यानंतर बांबूवरचं जे जे तांत्रिक वाचलं त्याचा सार याच वाक्यात आहे: वर रुंद वळचण, खाली उंच जोतं, काठी जमिनीला आणि पावसाला लागू द्यायची नाही.

मी लगेच हो म्हटलं नाही. मेळघाटात लवादा गावच्या संपूर्ण बांबू केंद्रानं बांबूची घरं उभी केलीत हे माहीत होतं, पण मेळघाट आणि कुंभीचा पाऊस एक नाही. म्हणून करूळ घाट उतरून कुडाळला जाऊन आलो, तिथं कोनबॅक या संस्थेचं बांबूचं काम आहे आणि पाऊस आपल्यासारखाच. तिथं एक गोष्ट डोक्यात बसली की औषध न घातलेला बांबू घराला वापरायचाच नाही, मग तो कितीही चांगला दिसू दे. परत आल्यावर आयएस १५९१२ हे बांबूच्या बांधकामाचं भारतीय मानक आणि २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमधला बांबूचा भाग घेऊन एका स्ट्रक्चरल इंजिनियर मित्राबरोबर दोन रविवार बसलो. बांबूला आपल्या देशात अधिकृत मानक आहे हे दाजींना दाखवल्यावर त्यांचा सूर पहिल्यांदा बदलला, छापील कागदाचं वजन असतं.

शेवटी ठरलं ते मिश्र घर. जोतं चिऱ्याचं दोन फूट उंच, चुलीमागची एक भिंत चिऱ्याची, सांगाडा मेसाचा, भिंती कुडाच्या पण गिलावा केलेल्या.

पहिली चूक, घाईची

हे ठरलं एप्रिल २०२२ मधे आणि आम्हाला वाटलं पावसाआधी निदान सांगाडा उभा करू. बांधावरचा मेस तोडायला आजींनी साफ नकार दिला, दिवाळी झाल्याशिवाय कोयता लावायचा नाही. मग आम्ही शहरातल्या एका वखारीतनं ६० काठ्या आणल्या, ११ हजार रुपयांना भाड्यासकट. कधी तोडल्या, किती वर्षाच्या, काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी सेंट्रिंगला जाणारा माल तो, तिथं वय कोण बघतो.

आणल्या आणि गोठ्यात रचून ठेवल्या. जुलैत आक्कांचा फोन, काठ्यांखाली पीठ पडलंय. जाऊन बघितलं तर खरंच, दळणाच्या पिठासारखी फिकट पिवळी भुकटी, प्रत्येक काठीखाली तिची छोटी ढेकळं, आणि काठीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. कान लावला तर आत कुरकुर ऐकू यायची. बांबूत जो स्टार्च असतो त्याच्यावर हा भुंगा जगतो, कोवळ्या आणि चुकीच्या वेळी तोडलेल्या काठीत तो जास्त सापडतो. ६० मधल्या ४१ काठ्या चुलीत गेल्या, बाकीच्या वेलींच्या मांडवाला.

११ हजार गेले याचं दुःख होतंच, पण दाजी तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत ते जास्त लागलं. त्यांच्या मनात पुन्हा स्लॅब आला होता. इथं काम थांबू शकलं असतं. मी त्यांना एवढंच म्हणालो की एक पावसाळा थांबू, दिवाळीनंतर आजी म्हणतील तसं तोडू, औषधात घालू, आणि पहिल्या दहा काठ्या तीन महिने नुसत्या ठेवून बघू, पीठ पडलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर कर्जाला येतो.

काय केलं: तोड आणि औषध

नोव्हेंबर २०२२ ला तोड सुरू. तोड परवाना लागेल का अशी दाजींना शंका, पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतनं बांबू २०१७ सालीच वगळलाय, शेतातल्या बांबूला तोडीचा आणि वाहतुकीचा पास लागत नाही.

काठी निवडायचं काम आजींचं. ७४ वर्षांची बाई, बेटात शिरून कोयत्याच्या पाठीनं काठी वाजवायची. कोवळ्या काठीचा आवाज भद्द, पिकलेल्याचा टणक. काठीवर करडे-पांढरे डाग, बुडाच्या पेरावरचं टरफल पूर्ण गळलेलं, म्हणजे तीन वर्षांच्या वरची. जमिनीवरच्या पहिल्या पेराच्या लगत वरनं तोडायचं म्हणजे बुंध्यात वाटीसारखं पाणी साचत नाही आणि बेट कुजत नाही. तोड आमावस्येच्या आसपास धरायची असंही त्यांचं म्हणणं, ते पाळण्यात आमचं काही जात नव्हतं. असं करत जानेवारीपर्यंत १८० काठ्या निघाल्या आणि एकही बेट मोडलं नाही.

औषध म्हणजे बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक, ३ किलो बोरॅक्स, म्हणजे पाच टक्क्याचं पाणी. त्यासाठी शेतात २२ फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल चर खणला, आत जाड ताडपत्री दुहेरी. बोरिक गार पाण्यात लवकर विरघळत नाही, पाणी गरम लागतं, आणि दाजींनी सुचवलं की गुऱ्हाळाची जुनी काहील आणतो. आजी आणि मी दोघंही एकदम नको म्हणालो, ज्यात गूळ होतो त्यात हे घालायचं नाही. एक लोखंडी बॅरल आणून त्यातच केलं आणि त्या बॅरलवर लाल रंगानं फुली मारली.

मेस भरीव असल्यामुळं आतनं सळई घालून पेरं फोडायची पद्धत इथं चालत नाही, ती पोकळ बांबूला. म्हणून काठी ओली असतानाच, तोडल्यापासून एक-दोन दिवसात चरात टाकायची म्हणजे आतल्या रसातनं औषध हळूहळू पसरतं. काठ्या तरंगतात, वर दगड ठेवले. एक खेप १५ दिवसांची, तीन खेपा. नंतर सावलीत, उभ्या करून, अधनंमधनं फिरवत वाळवल्या. या वाळवणाला सात-आठ आठवडे गेले आणि त्यात कुठंच कपात करता येत नाही.

औषध आतपर्यंत गेलं की नाही हे बघायला हळद वापरली. हळद स्पिरिटमधे भिजवून ते पाणी काठीच्या ताज्या कापावर लावायचं. बोरॅक्स क्षारी असल्यानं नुसत्या हळदीनंसुद्धा लालसर होतं, म्हणून त्याच्यावर आम्लाचा हात द्यायचा, तरीही लाल राहिलं तर बोरॉन आहे. पहिल्या खेपेतली काठी कापली, कडेला गर्द लाल आणि मधे रुपयाएवढा पिवळा. आजी बघून म्हणाल्या, "मधी कुंकू लागलंच न्हाई की." हळद-चुन्याचं कुंकू करणाऱ्या बाईला ते समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून दुसरी आणि तिसरी खेप १५ ऐवजी २१ दिवस ठेवली, मधला पिवळा बराच कमी झाला, आणि पहिल्या खेपेच्या काठ्या आतल्या कामाला, जिथं हाताला-डोळ्याला राहतील अशा जागी वापरल्या.

उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही हे आधीच ठरलेलं. एवढं बोरॉन पिकालाही वाईट आणि माशांनाही. कुडाच्या कांबट्या त्यातच भिजवल्या, चौकटींना आणि गोठ्याच्या लाकडाला ब्रशनं मारलं, संपवलं.

काय केलं: उभारणी

फेब्रुवारी २०२३ ला जोतं. त्यात कॉंक्रिट ओततानाच जाड लोखंडी पट्ट्या उभ्या बसवल्या, आणि चार-चार काठ्यांची जुडी करून केलेला खांब त्या पट्ट्यांच्या मधे बोल्टानं आवळला. खांबाचं बूड जोत्यापासून चार इंच वर, लोखंडावर. काठी कुठंच दगडाला टेकत नाही.

सुताराशी पहिल्या दिवशीच वाजलं. माणूस कसबी, पण सवयीनं खिळा ठोकला आणि काठी वीतभर उभी फाटली. मग नियम केला, बांबूच्या जोडात खिळा नाही. आधी ड्रिल, मग बोल्ट, वायसर, आणि जोड शक्यतो पेराजवळ. कुडाचं विणकाम आणि बांधणी कोल्हापुरातनं आलेल्या एका बुरूड मामांनी केली, वय साठीच्या पुढं, आयुष्य सुपं, बुट्ट्या, तट्ट्या करण्यात गेलेलं. घराचं काम त्यांनीही कधी केलं नव्हतं, पण काठी चिरताना ती कुठं वळणार हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं. सुतार आणि मामा यांच्यात मजुरी मामांना जास्त दिली आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं.

छपराला पाच कैच्या, म्हणजे छपराचा भार घेणारे तिकोनी सांगाडे, १८ फूट गाळ्याच्या. माझ्याकडं अनुभव नव्हता, गणित होतं, म्हणून पहिली कैची दोन तात्पुरत्या आधारांवर ठेवून तिला सिमेंटची १६ पोती टांगली, ८०० किलो, दोन दिवस. दोरी ताणून मोजलं तर मधे अर्धा इंच वाकली आणि पोती काढल्यावर परत आली. गावातली चाळीसेक माणसं बघायला आली होती. दाजींनी त्या दिवशी सगळ्यांना चहा केला.

कौलं की पत्रा यावर बराच खल झाला. जुन्या घराची सहाशे कौलं चांगली होती. पण सगळं छप्पर कौलारू करायचं तर हजारेक कौलं, एकेक अडीच किलोच्या घरात, म्हणजे काठीवर अडीच टन, आणि वरनं वानरांचा त्रास, दर पावसाळ्याआधी पन्नासेक कौलं बदलायची. शेवटी रंगीत पत्रा, जे-बोल्ट काठीच्या खालनं वळवून, आणि पत्र्याखाली तट्ट्यांचं, म्हणजे बांबूच्या विणलेल्या चटयांचं छत. आवाज आणि ऊन दोन्ही त्यानं तुटतं. भिंतीला आतनं शेणमाती आणि चुना, बाहेरनं जाळी लावून सिमेंट-चुन्याचा गिलावा. वायरिंग पाइपातनं, काठीच्या आतनं कुठंही नाही.

हिशोब

जोतं आणि फरशी ८२ हजार. पत्रा, बोल्टासकट, ५१ हजार. मामा, सुतार, गवंडी यांची मजुरी ६४ हजार. दारं-खिडक्या ३८, बाहेरचा-आतला गिलावा ३१, औषध, चर आणि ताडपत्री २७, वायरिंग २१, लोखंडी पट्ट्या, बोल्ट, तार १९, चुलीमागची चिऱ्याची भिंत १४, आणि वखारीतले वाया गेलेले ११ हजार. एकूण ३ लाख ५८ हजार.

यात बांबू कुठंय बघा. घरचा होता म्हणून शून्य, पण विकत घ्यायचा झाला असता तरी त्यावेळच्या गावच्या भावानं १५ हजाराच्या आत बसला असता. म्हणजे सगळ्या घराच्या पाच टक्केसुद्धा नाही. लोकांना वाटतं वीट महाग, बांबू स्वस्त, म्हणून घर स्वस्त. तसं होत नाही. इथं पैसे वाचले ते तीन कारणांनी. घर हलकं म्हणून भरावाच्या जागेत खोल पाया लागला नाही, पाणंदीतनं डोक्यावर वाहायचा माल निम्म्यावर आला, आणि आक्का-दाजींनी स्वतः राबून काढलेले दिवस. ते दिवस मी मोजलेत, दोघांचे मिळून १२० च्या आसपास. त्यांची मजुरी धरली तर चिऱ्याच्या घराशी फरक बराच कमी होतो, आणि हे न सांगता कुणी बांबू स्वस्त म्हणून गळ्यात मारत असेल तर ते घरच्या बाईच्या कष्टाची किंमत शून्य धरतायत.

तीन पावसाळ्यांनंतर

मे २०२३ अखेर राहायला गेले. मुलीला पूर्वेच्या खिडकीखाली टेबल मिळालं, बारावीची सगळी तयारी तिथं झाली.

पण पहिल्याच जुलैत पश्चिमेची भिंत ओली. वळचण बाकी तिन्ही बाजूंना तीन फूट, पश्चिमेला दोनच, कारण तिकडं शेजाऱ्यांची हद्द आणि एक फुटावरनं उगाच वाद नको म्हणून मीच आत घेतली होती. जिथनं झड येते, ज्या बाजूची जुनी भिंत पडली, त्याच बाजूला मी टोपी आखूड केली. ऑगस्टपर्यंत जोत्यापासून हातभर उंचीवर काळी बुरशी, गिलाव्याला बारीक तडे आणि तड्यातनं पाणी आत कुडाला. बोरॅक्सचं औषध पाण्यानं धुऊन जातं, ते कोरड्या जागेसाठीच आहे, म्हणजे सगळ्यात ओल्या जागी सगळ्यात आधी संरक्षण जाणार. तो पावसाळा उसाचा पाला बांधून काढला. उन्हाळ्यात खालचा तीन फूट गिलावा फोडला, आतल्या १४ कांबट्या आणि एक आडवी काठी मऊ पडली होती, ती बदलली.

मग शेजाऱ्यांशी सरळ जाऊन बोललो. दाजी, मी आणि आजी. आजींनी नुसतं सांगितलं की तुमच्या हद्दीत पाणी पडणार नाही, पन्हळ लावतो. पाच मिनिटात हो म्हणाले. एक वर्षापूर्वी हेच बोललो असतो तर. एप्रिल २०२४ मधे त्या बाजूला वळचण वाढवून खाली अरुंद पडवी काढली, २६ हजार आणखी. त्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली, एवढा पाऊस, आणि पश्चिमेची भिंत कोरडी. २०२५ चा पावसाळाही तसाच गेला.

भुंगा आतापर्यंत दोन ठिकाणी दिसला, दोन्ही पहिल्या खेपेच्या काठ्या, आणि डोळ्यापुढं होत्या म्हणून लगेच सापडल्या. चुलीच्या वरच्या काठ्या धुरानं काळ्या झाल्यात, त्यांना काहीही झालेलं नाही. तट्ट्यांच्या छतावर उंदीर फिरतात, ही तक्रार खरी आहे आणि जाळी मारूनही पूर्ण गेलेली नाही. घरपट्टीच्या नमुन्यात बांबूला रकाना नाही, मातीची इमारत की पक्की यावर ग्रामपंचायतीत दोन बैठका झाल्या, आणि घरकुलाच्या यादीचा प्रश्न तसाच लोंबकळतोय.

आता परत करायचं झालं तर

पश्चिमेची वळचण चार फूट, आणि हद्दीचं बोलणं जोतं आखायच्या आधी. हे पहिलं.

दुसरं, खालची आडवी काठी गिलाव्यात गाडणार नाही. आम्ही ती भिंतीत बंद केली आणि ती कुजतेय हे भिंत फोडल्यावर कळलं. जी काठी आधी खराब होण्याची शक्यता, ती उघडी, बोल्टावर, दोन माणसांनी एका सकाळीत बदलता येईल अशी पाहिजे. खांब आम्ही तसे केले होते, खालची काठी करायचं सुचलं नाही. किंवा तिथं काठी नकोच, जोतंच फूटभर वर घ्यायचं.

तिसरं, बेटातल्या काठ्यांना दरवर्षी रंगाची खूण. आजी आहेत म्हणून वय कळलं, त्यांच्यानंतर कोण वाजवून सांगणार? मुलानं आता हे काम घेतलंय, दर दिवाळीला त्या साली आलेल्या काठ्यांना एक रंग.

चौथं म्हणजे घराआधी गोठा. औषध, जोड, वळचण यातल्या सगळ्या चुका म्हशींच्या छपरावर एक पावसाळा करून बघता आल्या असत्या. आणि घरकुलाचं, घरपट्टीचं काय ते ग्रामपंचायतीकडनं लेखी घेतल्याशिवाय पहिला चिरा बसवायचा नाही, यात मी कमी पडलो.

दाजी अजूनही गावात कुणी विचारलं तर "बांबूचं घर" म्हणत नाहीत, "चिऱ्याच्या जोत्याचं घर" म्हणतात. मी काही बोलत नाही. मात्र शेतातला चर त्यांनी बुजवलेला नाही, ताडपत्री झाकून ठेवलीय. या दिवाळीनंतर त्याच पश्चिमेच्या शेजाऱ्यांच्या गोठ्यासाठी ७० काठ्या त्यात पडायच्या आहेत. वळचण किती ठेवायची यावर दोघांचं अजून जमलेलं नाही, शेजारी म्हणतात तीन फूट बास, आणि दाजी चारच्या खाली यायला तयार नाहीत.